रस न्हाई, शुगर हाय

मानसशास्त्राच्या एम.ए.ला असताना सरांनी मला राहात्याकडच्या वस्त्यांवर प्रश्नावल्या भरायला पाठवलं. पद्धत ठरलेली. आधी प्रत्येक बाईला नैराश्याबद्दलचे नऊ प्रश्न आणि त्यांचे गुण. जिचा आकडा मोठा येईल तिचीच पुढे निवांत मुलाखत घ्यायची आणि तिलाच समुपदेशकाकडे जायची चिठ्ठी द्यायची. आधी आकडा, मग माणूस. मला हे भलतंच शास्त्रशुद्ध वाटायचं. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय!

पेरूच्या बागेतल्या एका घरी पन्नाशीची मावशी एकटीच होती. मी वाचायला लागले, "गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झालाय का?"

"रस न्हाई बाई. शुगर हाय मला. च्या बी बिनसाखरेचा पिते."

मला फिस्सकन हसू आलं. पण प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, समजावून सांगायचा नाही, असा आमचा नियम. मी मुकाट 'नाही'वर खूण केली. उदास वाटतं? "न्हाई." स्वतःला इजा करावीशी वाटते? "अगं बया, इजा कशापायी करू!" एकूण शून्य. आमच्या लेखी मावशी ठणठणीत!

मी कागद मिटून पिशवीत टाकला. मावशीनं चहा पुढे केला आणि सहज बोलली, "रोज इहिरीपाशी जाऊन बसते बघ. आत बघत ऱ्हाते. उडी टाकावी वाटती. मग म्हशीला पानी कोन पाजील म्हून माघारी येते."

मी कपबशी तशीच खाली ठेवली. लई भ्याले मी. बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"शून्य आहे ना? मग ती निकषात बसत नाही," सर म्हणाले. "हे गुणात्मक झालं, आकड्यात न बसणारं. ते वेगळं नोंदव."

"गुणात्मक गेलं चुलीत, सर! बाई विहिरीत जाईल!"

आयुष्यात पहिल्यांदाच सरांचा फोन मी कापला. शेजारणीला म्हशीकडे बघायला सांगितलं, मावशीला स्कूटीवर मागे बसवलं आणि थेट सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे नेलं. चिठ्ठीवर गुणांच्या रकान्यात शून्य लिहिलं. त्या बाईंनी ते वाचलं, मावशीकडे पाहिलं आणि काही न विचारता खुर्ची पुढे ओढली.

तासाभरानं मावशी बाहेर आली. डोळे सुजलेले. पुढच्या आठवड्यात परत बोलावलं होतं. मी आपली स्वतःवर खूश. जरा तोऱ्यातच विचारलं, "मावशी, मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू मला कुटं इचारलं, पोरी? तू तर कागदाकडं बघत हुतीस."