माकड, चिंतामणी आणि झरीचे शंख

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडली आणि यवतमाळच्या छोट्या गाडीत बसले. ही गाडी इतकी सावकाश चालते की शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांचं बोलणं डब्यात ऐकू येत होतं. हिवाळ्याचे दिवस होते. महाराष्ट्र राज्य होऊन नुकतीच एकदोन वर्षं झाली होती, आणि पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मला आपल्याच राज्याचा हा भाग पहिल्यांदा दिसत होता.

स्टेशनवर कुसुम घ्यायला आली होती. आम्ही कॉलेजात एका बाकावर बसलेल्या. लग्नानंतर ती यवतमाळला आली आणि मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवू लागली. टांग्यात बसल्याबसल्या तिनं सगळं सांगून टाकलं. माणूस आणि वानर यांचे पूर्वज एकच, असं तिनं वर्गात शिकवलं. मुलींनी घरी जाऊन सांगितलं. दोनतीन पालक चिडून शाळेत आले. आता या बाईंना ठेवायचं की नाही, हे शाळेची समिती ठरवणार होती, आणि समितीचे अध्यक्ष होते तिचे सासरे, नानासाहेब वकील.

“घरात काय म्हणतात?” मी विचारलं.

“काहीच म्हणत नाहीत. त्या दिवसापासून मामंजी माझ्याशी बोललेच नाहीत,” कुसुम म्हणाली. एरवी हसरी असणारी ही मुलगी टांग्याच्या दांडीला घट्ट धरून बसली होती.

नानासाहेबांनी मात्र माझं स्वागत मनापासून केलं. जेवायला गोळाभात (डाळीचे वाफवलेले गोळे कुस्करून, वर फोडणीचं तेल घालून खायचा भात) होता. तिसऱ्यांदा नको म्हटलं तरी त्यांनी तेल वाढायला लावलंच. हात धुतल्यावर ते समोर येऊन बसले.

“बाई, सुनेनं तुम्हाला कायले (कशाला) बोलावलं, ते मले समजते. पण जन्मभर मी कोर्टात बोलणंच ऐकलं. बोलण्यानं मले काही पटत नाही. दाखवण्यासारखं असंल तर दाखवा.”

झरीकडच्या जंगलात दगडांत शंख सापडतात, असं आमच्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडून मी ऐकलं होतं. तसं सांगितलं. आधीच एक गोष्टही स्पष्ट केली की, त्या शंखांनी माणूस वानराचा भाऊबंद ठरत नाही. पृथ्वी फार जुनी आहे आणि आपल्याआधी इथे दुसरेच जीव नांदत होते, एवढंच त्यांतून कळतं.

“एवढं तर एवढं,” नानासाहेब म्हणाले. “उद्याच निघू.”

सकाळी रहीमभाई आपली जुनी मोटार घेऊन आले. त्यांचं गावात मोटारदुरुस्तीचं दुकान होतं आणि वकीलसाहेबांशी वडिलांपासूनचा घरोबा. कुसुमला शाळा होती. ती दारापर्यंत आली. नानासाहेब तिच्याकडे न बघता गाडीत बसले.

वाट थोडी वाकडी करून आम्ही आधी कळंबला गेलो. तिथला चिंतामणी गणपती जमिनीच्या पोटात आहे. पायऱ्या उतरत खाली जावं लागतं. उतरता उतरता बाहेरचं ऊन मागे राहतं, गारवा लागतो, ओल्या दगडाचा आणि दुर्वांचा वास येतो. नानासाहेबांनी डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हटलं. मीही हात जोडले. ते त्यांनी पाहिलं असावं.

वर आल्यावर म्हणाले, “तुम्ही काहून (का) हात जोडले? तुमच्या शास्त्रात बसते?”

“शास्त्रात नाही बसत. पण लहानपणापासून जोडत आले. जोडले की बरं वाटतं.”

त्यांनी मान हलवली आणि प्रसादाचा अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला.

पांढरकवड्याच्या डाकबंगल्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी झरीची वाट धरली. पुढे सागाचं जंगल लागलं. वाळलेली मोठमोठी पानं चाकांखाली पापडासारखी मोडत होती. एका चढावर मोटारीनं हाय खाल्ली. बॉनेटमधून वाफा येऊ लागल्या.

“तापली बिचारी,” रहीमभाई म्हणाले. “पानी पाजतो, मग चालते.”

डबा घेऊन ते नाल्याकडे उतरले. आम्हीही पाय मोकळे करायला मागोमाग गेलो. नाल्याची दरड काळ्या दगडाची होती. एका ठिकाणी मात्र दोन काळ्या थरांच्या मध्ये पांढुरका पट्टा दिसला. पाणी भरणारे रहीमभाई तिथेच थबकले.

“बाई, तुमचा माल हाच का?”

पट्टा शंखांनी खचाखच भरलेला होता. बोटाच्या पेरांएवढे, पिळाचे, नाजूक, पण पार दगड झालेले. पुस्तकात शंभर वेळा पाहिलेली गोष्ट समोर आली की आपण पोरासारखे होतो. मी चपला काढून पाण्यातच उभी राहिले. वरखाली दिसणारा काळा दगड म्हणजे एके काळी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला तप्त रस, लाव्हा, हे मी समजावून सांगितलं. एक लोट थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळ्यात हे जीव जगले आणि मेले, मग दुसरा लोट आला. तेव्हा माणूस नव्हता. गाय नव्हती. माकडही नव्हतं.

नानासाहेब दरडीशी वाकले. एकेका शंखावरून अंगठा फिरवत राहिले.

“मले माकडाचा राग नाही, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “नात शाळेतून आली अन् तिनं विचारलं, आजोबा, मग देवानं आपल्याला केलंच नाही का? मले उत्तर सुचलं नाही. जन्मात पहिल्यांदा. तो राग मी सुनेवर काढून राह्यलो.” मग शंखाकडे बोट करून म्हणाले, “माणूस करायचा होता, तर एवढे दिवस देव काय करून राह्यला होता?”

मी म्हटलं, “ते माझं शास्त्र सांगू शकत नाही.”

“त्याले घाई नसंल, साहेब,” डब्याला झाकण लावत रहीमभाई म्हणाले. “आमच्यात म्हनतात, आदमले मातीपासून बनवलं. पन माती मळाले किती वेळ लागला, ते कोनं पाह्यलं?”

नानासाहेब मोठ्यानं हसले. दोन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

दरडीखाली पडलेले शंखांचे चार दगड मी ओटीत घेतले, आणि मोटार निवेपर्यंत आम्ही जवळच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) जाऊन बसलो. एका म्हातारीनं ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आणून ठेवली. माझ्या ओटीतले दगड पाहून ती म्हणाली, “गोटे कायले नेता वं?”

“यात जुने जीव आहेत, आजी,” नानासाहेबांनीच उत्तर दिलं. “आपल्या सगळ्यांचे लय दूरचे सोयरे आहेत, असं या बाई म्हणतात.”

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. “मंग बाई माहेरी आली म्हना की! अजून एक भाकर घे.”

मी घेतली. तशी भाकर मी त्यानंतर खाल्लेली नाही.

यवतमाळला परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. नानासाहेब ओसरीवर टेकले आणि आत हाक मारली, “कुसुम, चहा टाक. अन् तूही इथं येऊन बस. तुले ऐकायचं आहे ना, काय पाह्यलं ते?”  चहा घेऊन आली, तेव्हा कुसुमचे डोळे लाल होते.

मी निघायच्या आधीच समिती बसली. तिथे नानासाहेब काय बोलले, ते तिनंच मला सांगितलं. “मले अजून सगळं पटलेलं नाही. पण मले पटलं नाही म्हणून पोरींना शिकवायचं नाही, हे बरोबर नाही.” कुसुमची नोकरी राहिली. एका पालकानं मुलीला शाळेतून काढलं, त्याची हळहळ तिला लागून राहिली आणि मलाही. नातीच्या प्रश्नाचं उत्तर आजोबांनी एका वाक्यात दिलं होतं: “केलं असंल बेटा, पण सावकाश.”

परतीच्या छोट्या गाडीत शेजारी एक बाई बाळंतपण आटोपून माहेरून सासरी निघाली होती. वाटेत पाणी प्यायचं म्हणून तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी त्याच्या तळहाताला बोट लावलं, तर त्यानं ते मुठीत करकचून धरलं. वानराची पिल्लं आईच्या केसांना अशीच लटकतात, ती जुनी पकड आपल्या बाळांत उरली आहे, असं मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. पण ती पकड अशी माझ्या बोटाला कधी जाणवली नव्हती. किती आयांनी, किती काळ, झाडांवर आणि जमिनीवर आपली पोरं सांभाळली, म्हणून ही मूठ माझ्यापर्यंत पोचली! मला फार भरून आलं. आभार कुणाचे मानायचे, ते ठरवता येईना. मी ते मनातल्या मनात मानले आणि आईनं हात पुढे केले, तरी बाळ बोट सोडीपर्यंत तशीच बसून राहिले.