मोदकवाल्या वसुधाकाकू आणि बिस्किट नावाचा साप

शुगर लँड या अमेरिकन गावच्या मराठी मंडळात वसुधाकाकूंचा दरारा होता तो मोदकांमुळे. गणपतीच्या नैवेद्याचे उकडीचे मोदक दर वर्षी त्यांच्याच स्वयंपाकघरातून जायचे. त्या घरात अंडंसुद्धा शिरत नाही, याचा मंडळाला कोण अभिमान!

अशा घरात चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात साप शिरला, तोही पुढच्या दाराने, काचेच्या पेटीत बसून. लेकीच्या, दीपाच्या, सायन्सच्या बाईंनी तो फक्त सुट्टीपुरता पाठवला होता. पण बाईंच्या नवऱ्याची बदली झाली, त्या डेन्व्हरला गेल्या आणि साप राहिला. नारिंगी, बिनविषारी, अंगठ्याएवढा जाड, नाव बिस्किट. काकूंचे यजमान दिगंबरकाका समुद्रात तेलाच्या विहिरी खोदणारे इंजिनिअर, पण सापाच्या खोलीचा उंबरठा काही ओलांडायचे नाहीत. "असू दे गं, लेकीची हौस आहे," हे औदार्य ते हॉलमधूनच दाखवायचे.

मग दीपा कॅम्पला गेली आणि बिस्किटाला भरवायचं काम काकूंच्या गळ्यात पडलं. तो खायचा उंदीर. पेट शॉपमधले गोठवलेले उंदीर काकूंनी मटारच्या पिशव्यांमागे दडवले. पहिला उंदीर त्यांनी चिमट्यात धरून, डोळे मिटून पुढे केला. "बाप्पा, क्षमा कर रे, तुझंच वाहन आहे!" हळूहळू डोळे उघडे राहू लागले. एकदा बिस्किटाने तोंड फिरवलं, तर काकूंनाच त्या दिवशी जेवण गेलं नाही. लळा लागला, दुसरं काय!

पुढच्या नागपंचमीला मंडळाच्या अध्यक्ष पद्मिनीताईंचा फोन आला. "वसुधा, पाटावर चंदनाचा नाग कशाला काढायचा? तुझ्याकडे साक्षात आहे की! आम्ही सगळ्याजणी येतो."

काकू फुशारल्या. सुरी-तवा बाजूला ठेवून त्यांनी पुरणाचे दिंड उकडले. लाह्या मिळेनात म्हणून पॉपकॉर्न फोडले. जरीच्या साड्या नेसून बायका घामाघूम होत गाड्यांमधून उतरल्या. दीपाने बिस्किटाला हातावर घेतलं. दुरून हळदकुंकू झालं, आरती झाली. मग पद्मिनीताई दुधाची चांदीची वाटी घेऊन पुढे सरसावल्या आणि बिस्किटाचं तोंड वाटीत दाबू लागल्या.

"आई, स्टॉप हर! ही विल चोक!" दीपा ओरडली.

"पद्मिनीताई, नको!" काकूंनी वाटी मागे ओढली. "दूध त्याच्या नाकात जाईल. मरेल तो. दूध पीत नाही तो."

"इश्श, नाग आणि दूध पीत नाही? मग खातो तरी काय?"

काकूंना फळं म्हणता आलं असतं. बायकांनी विश्वास ठेवून लगेच केळंही सोललं असतं. बिस्किट दीपाच्या मनगटाला घट्ट विळखा घालून बसला होता आणि दीपा आईकडे बघत होती.

"उंदीर," काकू म्हणाल्या.

"कुठले उंदीर?"

"फ्रीझरमधले."

दिंडांना कुणी हात लावला नाही. कुणाला बेबीसिटर आठवली, कुणाला डोकेदुखी. गणपतीच्या आधी पद्मिनीताईंचा पुन्हा फोन आला. "या वर्षी मोदक मृणालिनी करेल. तू कागदी प्लेट्स आण." मंडळात प्लेट्स अशांकडेच सोपवत, ज्यांच्या हातचं कुणी खात नसे. फोन ठेवून काकू सिंकपाशी उभ्या राहून रडल्या. चौदा वर्षं या परक्या मुलखात त्यांची जी काय ओळख होती, ती त्या मोदकांचीच होती.

गणपतीला प्लेट्स टेबलावर ठेवून त्या मागच्या खुर्चीत जाऊन बसल्या. एकही बाई जवळ फिरकली नाही. आली ती पोरं, दीपामागून, एकेक करत, सापाबद्दल विचारायला. काकूंना इंग्रजी बेताचंच यायचं. उंदीर कोमट पाण्यात कसा ठेवायचा, कुठून धरायचा, हे त्या मराठीतच सांगू लागल्या. आरतीला दोन मिनिटं न टिकणारी ती पोरं मांडी घालून, आ वासून ऐकत होती. आई ही किती मोठी असामी आहे, असा भाव दीपाच्या चेहऱ्यावर काकू पहिल्यांदाच पाहत होत्या. एवढं समाधान त्यांना मोदकांनीही कधी दिलं नव्हतं.

पद्मिनीताई आपल्या लेकीला, सुमेधाला, तिथून उठवून न्यायला तरातरा आल्या. रविवारचा मराठीचा वर्ग त्याच घेत. त्यात त्यांच्याच लेकीने आजवर मराठीत तोंड उघडलं नव्हतं.

"काकू," सुमेधा विचारत होती, "तो शेपूट पण खातो?"

पद्मिनीताई जागच्या जागी थांबल्या.

"खातो तर!" काकू म्हणाल्या. "सगळ्यात शेवटी. शेवईसारखं ओढून घेतो."