अजून लायक नाहीत

पाथर्डीच्या एका कॉलेजात मी वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवते. उदारमतवादाचं प्रकरण दरवर्षी तेच. माणूस जन्मतः स्वतंत्र आहे, सरकार लोकांच्या संमतीनं चालावं. आणि हेच सांगणारे इंग्रज विचारवंत हिंदुस्थानाबद्दल म्हणत, ही माणसं अजून स्वातंत्र्याच्या लायक नाहीत, होईपर्यंत आम्ही राज्य करू. हे मी पाच गुणांची टीप म्हणून लिहून द्यायचे. कधी आवाजही चढला नाही.

यंदा एका मुलीनं हात वर केला. आईवडील ऊसतोडीला कोपरगावकडं, ती आमच्या वसतिगृहात.

"मॅडम, लायक झालो हे ठरवनार कोन हुतं?"

"तेच."

"मंग ते कशाला व्हय म्हनतील?"

वर्ग हसला. मीही हसले.

त्याच आठवड्यात वसतिगृह समितीची बैठक झाली; मीही त्या समितीवर आहे. मुलींचा अर्ज होता, समितीत आमच्या दोघी निवडून घ्या. आमचे अध्यक्ष तसे भले, भाषणात समता हमखास. म्हणाले, "मागणी रास्त आहे. पण या घरांतल्या मुलींना अजून समज यायचीय. तयार झाल्या की देऊ. तोवर आपण आहोतच."

आईबाप फडावर असताना धाकट्या भावंडांना रांधून घालून, शाळेत धाडून या मुली इथवर आल्या. त्यांना समज नाही?

"सर, हे वाक्य इंग्रज आपल्याबद्दल बोलायचे," मी म्हणाले.

"आम्ही काय परके आहोत, मॅडम?"

"नाही. म्हणूनच जास्त लागतं."

शेवटी ठरलं, दोघींनी बसावं, पण मत द्यायचं नाही. मी हे मुलींना सांगायला गेले, वाटलं खूश होतील. वर्गात हात वर केलेली ती मुलगी म्हणाली, "नुस्तं ऐकायला? ते तर आमी रोजच करतो."

मुलींनी जेवणघरात चिठ्ठ्यांवर मतदान करून दोघी निवडल्या. पुढच्या बैठकीत पाण्याच्या वेळेचा विषय निघाला, तेव्हा त्या दोघींनी सरळ हात वर केले. लेखनिकानं त्यांची मतं नोंदवली नाहीत. इतिवृत्त सहीला माझ्यापुढं आलं, ते मी परत सरकवलं. दोघींची मतं लिहिल्याशिवाय सही नाही, असं सांगितलं.

अध्यक्ष माझ्याशी अजून बोलत नाहीत. इतिवृत्तही तसंच पडून आहे, माझ्या सहीवाचून.