अंगठ्याचा डाग

ती घटना आजही आठवते, एवढे म्हणून माझे भागत नाही. त्या घटनेचा कागद मी लिहिला आणि खोटा लिहिला. आता वयाने थकलो आहे. तो कागद दुरुस्त केल्याशिवाय जायचे नाही, असे ठरवले आहे.

तेव्हा मी जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. कॅन्सरच्या एका खासगी दवाखान्याच्या मॅनेजरने फिर्याद दिली की, भांडारातले रबरी हातमोज्यांचे डबे वरचेवर गायब होतात. वर्ष संपत आले होते आणि उघडकीस न आलेल्या गुन्ह्यांबद्दल वरून विचारणा होत होती. हा गुन्हा सोपा वाटला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या धोब्याने खबर दिली. "साहेब, धुण्याच्या खोलीत मळक्या चादरींमागं बघा. माझं नाव मात्र घेऊ नका."

पंच घेऊन गेलो. सात डबे मिळाले. चोर माल विकतो किंवा घरी नेतो, कामाच्याच जागी दडवत नाही. ही गोष्ट मला पंचनामा करतानाच खटकली होती.

धोब्याच्या सांगण्यावरून कळले, डबे ठेवणारी सफाई कामगार जवळच्या टेंभुर्णी गावची होती, वय पन्नाशीचे. सगळे तिला मावशी म्हणत. महिला शिपायासमोर मी तिची चौकशी केली.

"कुणाला विकणार होतात?"

"इकायचे असते तर तिथंच कशाला ठिवले असते? एवढं बी कळंना का साहेबाला?"

"मग लपवले का?"

"मॅनेजर समदे कुलपात ठिवून राह्यला. दिवसाला एक जोड, त्यो बी फाटका. कॅन्सरची औषधं सिस्टर पंख्याखाली उघड्या टेबलावर कालवती. सांडलं की म्या पुसते. पेशंटच्या उलट्या, चादरी, समदं म्याच. सिस्टरचं दोन खेपा मूल पडलं, साहेब. मॅनेजरला तीनदा सांगितलं. त्यो म्हणला, औषधच हाय ते, बिलकुल काही होत न्हाई. मंग सवता का हात घालत न्हाई त्यात?"

मी सगळे ऐकले. तिच्या जबाबात मात्र लिहिले, 'विकण्याच्या उद्देशाने लबाडीने चोरून नेले,' आणि तिच्या तक्रारीचे अक्षरही घेतले नाही. वाचून दाखवताना विकण्याची ओळ गाळली.

"बराबर लिवलं ना, साहेब?"

"बरोबर आहे."

अंगठा घ्यायला गेलो तर शाईचा नुसता डाग उमटला. पुन्हा घेतला, पुन्हा डाग. शिपाई हसली, "मावशी, रेषा कुठं ठेवून आलात?"

"फडक्यात गेल्या, बाई." तिने तळहात उघडला. बोटांची सालपटे निघून कातडी लाल आणि गुळगुळीत झाली होती.

तो कागद तेव्हाही फाडता आला असता. मी फाडला नाही. गुन्हा उघड झाल्याची नोंद झाली. मावशीची नोकरी गेली. तारखांसाठी जीपने खेटे घालून ती थकली आणि शेवटी कोर्टात गुन्हा कबूल करून मोकळी झाली.

यंदा तिची मुलगी माझ्या दारात आली. आईला रक्ताचा आजार झाला आहे. तो त्या औषधांमुळेच झाला का, हे डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. नुकसानभरपाईचा दावा कामगार न्यायालयात आहे. तिथे दवाखान्याचे म्हणणे एकच, की या बाईने कधी तक्रार केली नाही, ती चोर होती. पुराव्याला माझा कागद जोडला आहे.

प्रतिज्ञापत्र करायचे मी त्याच दिवशी ठरवले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्यावरच शेकेल." शेकू दे.

नोकरीभर मी माणसांना बोलते करण्यात हुशार समजला जात होतो. ते बोललेले जसेच्या तसे उतरवणे हे त्याहून अवघड काम आहे, हे मला या प्रकरणाने शिकवले.

सही करण्याआधी मसुदा घेऊन टेंभुर्णीला गेलो. मावशी खाटेवर होत्या. या वेळी एकही ओळ न गाळता वाचून दाखवला. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"माझं समदं बराबर आलं," त्या म्हणाल्या. "सिस्टरचं लिवलं का?"

लिहिले नव्हते. मी खिशातून पेन काढले.