आठ वाजताचं पाणी

महामाया सोनकांबळे नोकरीला लागली तेव्हा तिचा नवरा जाऊन सात महिने झाले होते आणि लुंबिनी पहिलीत होती. बारावीला सायन्स होतं, तेवढ्यावर नांदेडातल्या एका पाणी तपासणी कार्यालयात तिला जागा मिळाली. काम ऐकायला सोपं. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जायचं, नदीचं पाणी बाटल्यांत भरायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं, फॉर्म भरायचा आणि दिवस मावळायच्या आत नांदेड गाठायचं. एकोणीस वर्षं तिनं हेच केलं. तेवढ्या काळात नऊ साहेब बदलले, डबा तीनदा बदलला आणि तिचे गुडघे गेले.

तिच्या वाटणीच्या ठिकाणांत सगळ्यात लांबचं येरगाव. रेल्वेनं धर्माबादला उतरायचं, मिरचीबाजाराच्या ठसक्यात पदर नाकाला लावून स्टँड गाठायचं, मग दहाची एसटी. गावात पोचायला साडेअकरा. तिथं मांजरा नदी हीच हद्द. अलीकडचा काठ महाराष्ट्राचा, पलीकडचा तेलंगणाचा. उन्हाळ्यात धार तुटायची आणि गावासमोर एक लांबोडका डोह तेवढा उरायचा. त्यातला आपला भाग कुठं संपतो हे नकाशावर दिसायचं, पाण्यात दिसायचं नाही.

फॉर्मवर एक चौकोन होता, 'नमुना घेतल्याची वेळ'. नमुना सकाळी आठपर्यंत घ्यावा असा नियम. पहिल्या महिन्यात तिनं खरं ते लिहिलं, अकरा चाळीस. साहेबांनी फॉर्म परत दिला.

"आठ टाका. न्हाईतर नमुना बाद होतो."

"साहेब, पण गाडीच साडेअकराला पोचते."

"मग मी काय करू? गाडी मी चालवतो का?"

तिनं आठ टाकले. दोन वर्षांनी धीर करून अर्ज दिला, की पहाटे पोचता येईल अशी जीप मिळावी. अर्जावर शेरा आला, 'वाहन उपलब्ध नाही'. त्या अर्जाची एक प्रत तिनं घरी ट्रंकेत ठेवली आणि पुन्हा अर्ज केला नाही. महिन्यामागून महिने ती आठ लिहीत गेली. पुढं पुढं फॉर्म हातात घेतला की पेन आपसूक त्या चौकोनात जायचं.

नोकरीच्या पंधराव्या वर्षी उन्हाळ्यात डोहातले मासे मरायला लागले. आधी थोडे, कडेकडेनं. मग वैशाखात एखाद्या सकाळी पांढरी पोटं वर करून सगळा डोह भरून जायचा. गावात केवळाबाई म्हणून साठीची भोईण होती. तिचे दोन्ही मुलगे डोहात जाळं टाकायचे आणि ती धर्माबादच्या बाजारात मासळी विकायची. महामाया दिसली की ती घाटावर यायची.

"काय निघालं गं बाई तुझ्या बाटलीत?"

"चांगलं निघालं मावशे. हवा भरपूर हाय पाण्यात."

"तुझ्या बाटलीत हवा हाय, अन् माझ्या डोहात मासं गुदमरून मरून राहिलेत. हे कसं काय?"

महामायाजवळ याचं उत्तर होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या केमिस्टनं तिला शिकवलं होतं, की घाणीनं पाणी हिरवं झालं की ते शेवाळ दिवसा उन्हात हवा सोडतं आणि रातभर तीच हवा ओढून घेतं. अशा पाण्याची खरी दशा पहाटे कळते, दुपारी नाही. हे तिला पाठ होतं. पण ती बाटलीचं बूच घट्ट करायची, डबा उचलायची आणि परतीच्या गाडीला लागायची. घरी गेल्यावर लुंबिनीचा डबा, सासूचं औषध, दुसऱ्या दिवशी दुसरी नदी. तिनं स्वतःला समजावलं होतं की आपण नुसत्या बाटल्या भरणाऱ्या.

पलीकडच्या काठावर तिच्यासारखंच काम करणारा एक माणूस होता, नरसय्या. त्याचं घर डोहापासून हाकेच्या अंतरावर होतं. तो रोज सकाळी म्हशी धुवायला नदीवर यायचा आणि महिन्याच्या नमुन्याची बाटलीही तेव्हाच, सातच्या सुमाराला, भरून ठेवायचा. अकरा वर्षांची ओळख. कधी दुपारी होडीतून अलीकडं येऊन तिच्याबरोबर चहा घ्यायचा. त्याला मराठी येत नव्हती, तिला तेलुगू. दोघं निजामाच्या काळापासून या भागात चालत आलेल्या दखनी हिंदीत बोलायची. मुलाबाळांचं, गुडघ्यांचं बोलायची. आकड्यांचं कधी बोलली नव्हती.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका रात्रीत एवढे मासे मेले की दोन्ही काठांवरच्या माणसांनी पुलावर येऊन वाहतूक अडवली. इकडचे म्हणत, पलीकडच्या स्टार्चच्या कारखान्याचं आंबलेलं पाणी डोहात येतं. तिकडचे म्हणत, तुमच्या बाजारगावाचा नाला येतो. शेवटी दोन्ही राज्यांनी मिळून पाहणी करायचं ठरलं. येरगावच्या शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या. एका बाजूला महामायाचे साहेब, शेषेराव मुंडकर, दुसऱ्या बाजूला तेलंगणाच्या एक मॅडम. दोघांपुढं आपापल्या फायली. महामाया आणि नरसय्या मागं खांबाला टेकून उभी.

आकडे वाचायला घेतले आणि पंधरा मिनिटांत आवाज चढले. लिटरभर पाण्यातला प्राणवायू इकडच्या कागदावर साडेसात मिलिग्रॅम, तिकडच्या कागदावर अडीच. तोच डोह, तोच महिना. वेळ इकडं आठ, तिकडं सात.

"एका तासात एवढा फरक पडत नसतो," शेषेराव म्हणाले. "तुमच्या माणसानं मुद्दाम घाणीच्या जागेवर बाटली बुडवलीय."

मॅडमना ते लागलं. त्यांनी मागं वळून नरसय्याला तेलुगूत काहीतरी झटक्यानं विचारलं. तो गडबडला. हात जोडून घाटाकडं बोट दाखवून सांगायला लागला, त्याची मान सारखी नकारात हलत होती. मॅडमनी पुन्हा काहीतरी दरडावलं आणि तो गप्प झाला. पन्नाशीचा माणूस, सगळ्या गावासमोर खाली बघत उभा.

महामायानं ते पाहिलं. पुढं लुंबिनीनं तिला विचारलं, तेव्हा तिला धड सांगता आलं नाही की त्या वेळी मनात काय चाललं होतं. राग नव्हता. धीरही म्हणता यायचा नाही. आतून एवढी शिणली होती, की आता हे आणखी एक दिवस धरून ठेवायचं बळ उरलं नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "नरसय्याचं बरोबर हाय. आपलंच खोटं हाय."

"काय?"

"ते आठ खरं न्हाईत. मी साडेअकराच्या आधी कधीच आले न्हाई इथं. एकोणीस वर्षांत एकदाबी न्हाई."

शेषेरावांचा चेहरा लाल झाला. ते या कार्यालयात येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलून राहिलात?"

"हाव साहेब. दुपारचं पाणी हाय ते. दुपारी हिरवं पाणी चांगलंच निघतं."

मॅडमना मराठी थोडी कळत असावी. त्यांनी फाईल मिटली. "कल सुबह," त्या म्हणाल्या, "सब के सामने."

व्हरांड्याच्या पायरीवर केवळाबाई बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. महामाया खाली उतरली तेव्हा ती उठली नाही. फक्त बघत राहिली. ते बघणं महामायाला साहेबांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. साहेब लोक धर्माबादच्या विश्रामगृहावर निघून गेले. जीपमध्ये महामायाला जागा कोणी विचारली नाही. ती पारावर डबा घेऊन बसली. ऊन उतरल्यावर केवळाबाई आली.

"किती वर्सं म्हनालीस?"

"एकोणीस."

"माझा धाकटा अठराचा व्हता तवा मासं मरायला लागलं. आता बाविसाचा हाय. गेल्या साली तो निजामाबादला हमालीला गेला." मग तिनं महामायाचा डबा उचलला. "ऊठ. पारावर का झोपतीस? भाकर टाकली हाय."

पहाटे साडेपाचला केवळाबाईच्या थोरल्यानं होडी सोडली. होडीत महामाया आणि नरसय्या. दोन्ही काठांवर माणसं उभी होती, इकडं शेषेराव, तिकडं मॅडम. डोहाच्या मधोमध, जिथं कोणाचं पाणी कुठलं हे सांगता येत नव्हतं, तिथं नरसय्यानं एकच बादली बुडवली. एकाच बादलीतून दोघांनी आपापली बाटली भरली. पाण्याला कुजलेल्या पिठाचा आणि गटाराचा एकत्र वास येत होता. महामायानं बाटलीत औषधाचे दोन डोस सोडले, बूच लावलं, बाटली उलटीसुलटी केली. पाण्यात हवा असली की तळाशी तपकिरी साका बसतो. हे कशासाठी करायचं ते तिनं होडीवाल्याला सांगितलं, कारण तो वाकून बघत होता.

साका पांढरा बसला. नासलेल्या दुधासारखा. नरसय्याच्या बाटलीतही तसाच.

"कुछ नै है अम्मा," नरसय्या हळूच म्हणाला. "हवा इच नै."

तिनं बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली. त्याच डोहाचं पाणी त्यांनी दुपारी बारालाही घेतलं. दोन्ही प्रयोगशाळांनी आकडे काढले. पहाटे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा थोडं जास्त, दुपारी नऊच्या वर. पहिल्यांदाच दोन्ही राज्यांच्या कागदावर एकच आकडा आला.

पुढचे तीन दिवस ते सगळे दोन्ही काठांनी पायी फिरले. बाजारगावाचा नाला खरंच येत होता, काळाभोर, फेस धरून. पलीकडच्या कारखान्याचा पाइपही सापडला, बेशरमाच्या झुडपांत लपलेला, त्याच्यातून कोमट पाणी गळत होतं. शेतांतलं खत तर दोन्हीकडून उतरत होतं. मॅडम आणि शेषेराव आता एकाच जीपमध्ये बसायला लागले होते. अहवालावर दोघांच्या सह्या झाल्या. दोष दोन्ही काठांचा आहे, नमुने यापुढं एकाच दिवशी, एकाच वेळी, पहाटे घ्यावेत, असं त्यात लिहिलं होतं. महामायाचे एकोणीस वर्षांचे फॉर्म 'ग्राह्य नाहीत' असा शिक्का मारून लाल फडक्यात बांधले गेले. शिपायानं ते गठ्ठे कपाटावर टाकले तेव्हा ती तिथंच होती. बऱ्याच फॉर्मांवरचं तिचं जुनं अक्षर नव्या अक्षरापेक्षा चांगलं होतं.

पावसाळ्यात तिला कारणे दाखवा नोटीस आली. तिनं दोन ओळींत उत्तर दिलं: वेळ चुकीची लिहिली हे खरं आहे. सोबत अर्जाची प्रत जोडली आहे. ट्रंकेतला तो 'वाहन उपलब्ध नाही' शेऱ्याचा कागद तिनं टाचणी लावून पाठवला. शेषेरावांनी तो वाचला आणि बोलावून घेतलं.

"हे आधी का नाही दाखवलं?"

"कुणाला दाखवू साहेब? ज्यांचा शेरा हाय ते रिटायर झाले."

नोकरी राहिली. सेवापुस्तकात ताकीद लागली. लुंबिनी अहमदपूरला शाळेत शिकवते, तिनं फोनवर विचारलं, "आई, मग यातून मिळालं काय?" महामायानं विचार केला आणि म्हणाली, "आकडा जुळला." लुंबिनीला हसावं का रडावं कळेना.

पाण्याचं म्हणाल, तर नाल्यावर घाण पाणी साफ करायचा एक हौद बांधायला घेतला, तो अर्धा झालाय. कारखान्याला नोटीस गेली. आता कारखाना पाणी पावसाळ्यात सोडतो, पूर असला म्हणजे कळत नाही. या उन्हाळ्यात मासे पुन्हा मेले. गेल्या वर्षीपेक्षा कमी, असं मॅडमनी लिहिलं. केवळाबाईला विचारलं तर ती म्हणते, आधीच कमी उरले होते तर मरणार किती. ती आता बाजारात आंध्रातून बर्फात येणारी मासळी विकते.

कार्यालयाची जीप दोनदा मिळाली. तिसऱ्या महिन्यापासून टायर नाहीत. पहाटेचा नमुना घ्यायचा म्हणून महामाया आदल्या दुपारीच येरगावला येते. दिवेलागणीला केवळाबाई तिच्यापुढं ताट ठेवते. परवा जेवता जेवता महामायाचे डोळे मिटायला लागले.

"थकलीस का गं?"

"हाव मावशे."

"मग पड जरा. चारला उठवते."