हिराआत्याचा कावळा

इंटरव्ह्यू सुरू व्हायला आला होता आणि मी माझ्याच ऑफिसात दोन्ही हात फडफडवत कावळा झालो होतो.

माझं ऑफिस भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये. परदेशी शिकायला जाणाऱ्यांची ॲडमिशन आणि व्हिसाची कामं मी करतो. इंजिनिअर येतात, एमबीएवाले येतात. गोडदेवची प्राजक्ता मात्र क्रिएटिव्ह रायटिंगला निघालेली, म्हणजे गोष्टी लिहायला शिकायला. तेही ड्युअल डिग्री. एक वर्ष स्कॉटलंड, एक वर्ष आयर्लंड, शेवटी दोन्हीकडची एमए. फायदा दोन डिग्र्यांचा. तोटा असा, की नाही म्हणणारेही दोन.

आणि तिसरी हिराआत्या. प्राजक्ताला लहानाची मोठी तिनंच केलेली, घरात शब्द तिचाच. "गोष्टी लिवायला इमान कशाला पायजे?" इमान म्हणजे विमान. हा तिचा मुद्दा. आज प्राजक्ताचा दोन्हीकडच्या प्रोफेसरांशी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, तो बघायला आत्या स्वतः आली होती. "मला न्हाय पटलं तर पोरीला घेऊन सरळ घरी जानार," असं तिनं दारातच बजावलं.

प्राजक्ता केबिनमध्ये कॅमेरा लावत होती. आत्यानं मला विचारलं, "हिनं लिवलंय तरी काय, सर?"

अशा कोर्सला पोर्टफोलिओ लागतो, म्हणजे स्वतः लिहिलेले नमुने. त्यात काय आहे ते घरच्यांना मराठीत सांगायची माझी पद्धत आहे. त्यात मी कॉलेजात नाटकं केलेली. मग काय, उभाच राहिलो!

"एक म्हातारी मरते. दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवेना! जिलेबी ठेवली, सुके बोंबील ठेवले, छे! शेवटी भाची परदेशाचं तिकीट फाडते आणि झपकन कावळा..." मी झेप घेऊन टेबलावरचं बिस्किट उचललं.

आत्या हसली नाही.

"ती म्हातारी मिश्री लावते?"

"हो."

"बोलताना एक डोला बारीक करते?"

"अगदी! पण तुम्हाला कसं..."

आत्या एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात आतून हाक आली. दोन्हीकडचे प्रोफेसर स्क्रीनवर आले होते. मी आत्याला कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कोपऱ्यात बसवली आणि हात जोडले.

स्कॉटलंडच्या बाईंचा पहिलाच प्रश्न, "या कावळ्याची नेमणूक कोण करतं?"

प्राजक्ता गडबडली. मी न राहवून मध्ये घुसलो. "मॅडम, कावळा म्हणजे व्हिसा ऑफिसर. तुम्ही सगळं नीट मांडून ठेवता. तो येतो, बघतो, उडून जातो. कारण सांगत नाही."

आयर्लंडचे गृहस्थ हसून हसून लाल झाले. बाई मात्र गंभीर. म्हणाल्या, गोष्ट छान, पण शेवट पटत नाही. म्हातारी एवढी दुष्ट का?

मी सवयीनं हे सगळं, कावळा-ऑफिसरसकट, आत्याच्या कानात मराठीत सांगितलं.

आत्या उठली आणि थेट कॅमेऱ्यासमोर! "ओ बाय! मी जित्ती हाय!"

"आत्या, बस ना गं," प्राजक्ता रडकुंडीला आली.

"तू गप! मेल्यावर माझा जीव तुझ्या तिकिटात अडकंल? एवढी हलकट हाय मी?"

"मग कशात अडकेल? सांग तूच!"

आत्यानं पदर सारखा केला. "माझ्यापायी तू गेली न्हायस, तर त्यात अडकंल. तू इमानात बसलीस का कावला शिवंल."

"म्हणजे... जाऊ मी?"

आपण काय बोलून बसलो ते आत्याला तेव्हा कळलं. तिनं डोळा बारीक केला. पण समोर दोन देशांचे प्रोफेसर टक लावून बसलेले. त्यांच्यासमोर शब्द मागे कसा घेणार?

"जा," आत्या म्हणाली. "पन पहिला तो शेवट बदल."

मी सगळं इंग्रजीत सांगितलं. बाई पहिल्यांदा हसल्या. "हाच शेवट," त्या म्हणाल्या.

दोन्हीकडून ॲडमिशन आली. व्हिसाचा निकाल लांबला, तेव्हा आत्या गच्चीत कावळ्याला बोंबील ठेवू लागली. "तुमच्या हापिसरासाठी," मला म्हणाली. व्हिसा आला. कोणामुळे, यावर मी तिच्याशी वाद घालत नाही.

आता पोर्टफोलिओत कोणी मेलेलं असलं, की मी तोंड उघडण्याआधी एवढंच विचारतो, ते माणूस आज सोबत आलंय का?