निळी म्हणजे पाच

"मला परत तपासायला तुझ्याकडे अर्धा तास नाही?"

"गरजच नाही. तुझं झालंय."

"रंगांची चाचणी झालीय ताई! तेही कधीकाळी. आकड्यांची माझी कधी झालीच नाही."

"रंगावरून आकडा निघतो. तक्त्यात बघ. निळी म्हणजे पाच. आणि पाच नंबरवाल्यांना माणसं नकोशी असतात, त्यांना काउंटरवर बसवत नाहीत."

"मग मी इतकी वर्षं कुठे बसलेय? झाडावर?"

"चुकून बसलीस. आता चूक दुरुस्त होतेय."

रविवारची दुपार होती. थोरली ओट्याशी उभी राहून चहाचं आधण बघत होती, धाकटी टेबलाशी बसली होती आणि दोघींच्या मधोमध थोरलीचा नवरा खाली मान घालून मटार सोलत होता. बहिणी एकाच हॉटेलात नोकरीला. थोरली वरच्या मजल्यावर कर्मचारी विभागात, धाकटी खाली दारासमोरच्या काउंटरवर. सोमवारपासून मात्र धाकटीला तळघरातल्या लॉन्ड्रीत जायचं होतं. बदलीच्या कागदावर सही थोरलीचीच होती.

थोरली मूळची टायपिस्ट. त्याही आधी, फ्रॉक घालायच्या वयात, ती वडिलांच्या शिंपीकामाच्या दुकानात बटणं निवडायची. आधी रंगाने, मग भोकांनी, मग आकाराने. एकच बटण तीन वेगळ्या डब्यांत जाऊ शकतं, हे तिला भयंकर खटकायचं. काळी बटणं चार भोकांचीच असली पाहिजेत, असा तिचा हट्ट. दोन भोकांचं काळं बटण सापडलं की ती इकडेतिकडे बघून ते खिडकीतून भिरकावून द्यायची. धाकटी रस्त्यावर उतरून ते वेचून आणायची आणि वर थोरलीची टपली खायची.

हॉटेलात एकामागून एक तीन साहेब आले. पहिल्याने स्वभाव ओळखायची अक्षरांची चाचणी आणली. प्रत्येकाला चार अक्षरं मिळाली आणि लोक ती गाडीच्या नंबरासारखी मिरवू लागले. दुसऱ्याला अक्षरं लक्षात राहीनात, म्हणून त्याने रंग आणले. लाल म्हणजे घाईचा, पिवळा म्हणजे बडबड्या, हिरवा म्हणजे सांभाळून घेणारा, निळा म्हणजे दोनदा तपासून बघणारा. तिसऱ्याने एक ते नऊ आकडे आणले, आणि प्रत्येक आकड्याखाली एक भीती.

आकडे शिकवायला आलेल्या टकल्या सरांनी थोरलीला जेवणाच्या सुट्टीत बजावलं होतं. "बाई, या तिन्ही पद्धती लांबच्या नातेवाईक आहेत, जुळ्या बहिणी नाहीत. माणूस चारचौघांत वागतो कसा, हे रंग विचारतात. त्याचं डोकं कसं चालतं, हे अक्षरं विचारतात. आणि तो हे सगळं कशाला भिऊन करतो, हे आकडे विचारतात. थोडंफार जुळतं, नाही असं नाही. पण एकावरून दुसरं काढायला जाऊ नका."

"अगदी बरोबर, सर," थोरली म्हणाली, आणि त्याच आठवड्यात रंग-अक्षरांवरून आकडा काढायचा तक्ता आखायला बसली.

कारण नव्या साहेबांना सगळी माणसं एकाच पद्धतीत हवी होती, आणि तीही परत न तपासता. तक्ता बघून ते खुश झाले. "बाई, विभागप्रमुखाची खुर्ची तुमचीच समजा." तेव्हापासून थोरली हॉटेलात मान वर करून चालू लागली.

सामान वाहणाऱ्या म्हाताऱ्याने गंमत म्हणून स्वतःला तक्त्यातून फिरवून बघितलं आणि जिन्यात सगळ्यांना हसवलं. "लाल म्हणून आत शिरलो, आकडा झालो, अक्षरं झालो, परत रंगावर आलो तर निळा! बायको घरात घेईल का आता?" थोरलीला हसू आलं नाही. "लाल माणसांना नियम पाळता येत नाहीत," ती म्हणाली आणि त्याला रात्रपाळी लावली. भटारखान्यातल्या एका सहा नंबरवाल्याला तिने सगळ्यांदेखत सांगितलं, "तुला सगळ्यांचा संशय. बायकोचाही येत असेल." तो हसला. त्यानंतर मात्र तो दुपारचा मध्येच उठून घरी फेरी मारून येऊ लागला.

"अगं, एकदा तपासून टाक ना तिला," नवरा मटारातून मान वर न काढता म्हणाला. "काय बिघडतंय?"

"हे नऊ नंबर बोलले. अहो, भांडण टळणार असेल तर तुम्ही विषाचा पेलाही पिऊन, वर धुऊन परत द्याल."

नवऱ्याने पुढची शेंग उचलली.

"राहू दे, भावोजी," धाकटी म्हणाली. "तपासून झालंय माझं. आकड्यांवाल्या सरांना मीच फोन केला. काल त्यांनी समोर बसवून सगळं विचारलं."

थोरलीने गॅस बंद केला. "मग?"

"दोन आले मी. लोकांचं करणारी, लोकांत रमणारी. निळीची दोन निघाली ताई. तक्ता चुकला, एवढंच साहेबांना सांग. मी काउंटरवर राहते, विषय संपला."

विषय संपणारा नव्हता, हे थोरलीला लगेच कळलं. एक निळी दोन निघाली, तर बाकीच्या निळ्यांचं काय? ज्यांना खाली धाडलं, ज्यांना घरी बसवलं, ते सगळे उद्या दारात उभे राहतील. खुर्ची तर जाईलच. ती शांतपणे धाकटीसमोर येऊन बसली.

"दोन? अरे वा. दोनची भीती सांगितली का सरांनी?"

"ताई, नको."

"आपली गरज संपली की आपल्याला कुणी विचारणार नाही, ही. म्हणून तुला काउंटर सुटत नाही. येणारा-जाणारा थँक्यू म्हणतो, तेवढंच तुझ्या वाट्याला येतं. घरी कोण म्हणतं? तुझा नवरा तर म्हणायच्या आधीच पळाला."

"आईचं मी..."

"आईचं तू केलंस, हो. सगळं गाव म्हणालं, किती केलंस. आई मला फोनवर काय म्हणायची, ऐकायचंय? 'धाकटी मला हातात चमचासुद्धा धरू देत नाही. हिला मी बरी व्हायलाच नको आहे.' शेवटी शेवटी ती तू खोलीत आलीस की झोपेचं सोंग घ्यायची."

"पुरे!" नवरा ओरडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोघींनीही त्याच्याकडे बघितलं नाही.

"लॉन्ड्रीत जा," थोरली मऊ आवाजात म्हणाली. "चादरी कुठे पळून जात नाहीत. हवं तेवढं कर त्यांचं."

धाकटी उठली. तिने खुर्ची आत सरकवली, भावोजींच्या पुढ्यातली सालं गोळा करून डब्यात टाकली आणि पर्स खांद्याला लावली.

"सरांनी लिहून दिलंय का काही?" थोरलीने विचारलं.

धाकटी चपला घालू लागली.

"मी काय विचारतेय? तू साहेबांकडे जाणार आहेस का? ए! मी तुझ्याशी बोलतेय. उद्या साहेबांकडे जाणार आहेस का तू?"

दाराबाहेर चपलांचा आवाज एकेक पायरी खाली उतरत गेला.